नवऱ्याच्या कागदावर

मला विचारलं म्हणून मी सांगितलं, असं मी हल्ली सगळ्यांना म्हणते. खोटं आहे ते. मी न विचारताही सांगते. आमच्यात आत्याचं कामच ते असतं. भावाच्या मुलीचं लग्न आत्याने जुळवायचं, तिचं नवऱ्याशी वाजलं की आत्याने मध्ये बसायचं, आणि आत्याने एकदा सांगितलं की पोरीने मान खाली घालून ऐकायचं. तिकडे आफ्रिकेत, आमच्या मुटारेत असताना मीही माझ्या आत्याचं असंच ऐकत होते. इथे लेस्टरला येऊन मला पंचवीस वर्षं होतील, बावीस वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून पाय झिजवले, पण आत्यापणाचा हक्क काही मी विमानतळावर टाकून आले नव्हते.

रुतेंडो माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ लवकर गेला. ती इथे म्हाताऱ्यांच्या सेवेच्या कामावर आली ती पाच वर्षांपूर्वी, अकरा फेब्रुवारीला. तारीख मला पाठ आहे, कारण बर्फ पडत होता आणि ही बया पातळ झगा आणि चपला घालून विमानातून उतरली. मी माझा कोट तिच्या अंगावर घातला आणि घरी येईपर्यंत तिला शिव्या घातल्या. तिचं शिव्यांकडे लक्षच नव्हतं. मुलगी मागे ठेवून आली होती ना. अनेसू. तेव्हा दहा वर्षांची. अनेसूचा बाप पोरगी रांगत असतानाच दक्षिण आफ्रिकेत कामाला गेला आणि तिथेच विरघळला. पोरगी राहिली रुतेंडोच्या आईकडे.

कामाच्या व्हिसावर पाच वर्षं काढली की इथे कायमचं राहायचा परवाना मिळतो. आम्ही त्याला नुसतं 'कायमचं' म्हणतो. चर्चमधून बाहेर पडताना बायका एकमेकींना विचारतात, "तिचं कायमचं झालं का गं?" रुतेंडोचं कायमचं झालं की ती अनेसूला आणणार होती. आधी का नाही आणली, तर कंपनीने चौघींना एका खोलीत कोंबलं होतं, आणि पगारात एकीचंच जेमतेम भागायचं. पोरगी अठराची व्हायच्या आत आणली तर आईच्या नावावर येता येतं, नंतर नाही. हिशोब सोपा होता. पाच वर्षं झाली की अनेसू पंधरा. भरपूर वेळ होता.

म्हणून तिने मुटारेच्या घरी भिंतीवर तारीख लिहून ठेवायला सांगितली. अकरा फेब्रुवारी, पुढे वर्ष. अनेसूने ती खडूने लिहिली. खडू पुसला जातो म्हणून दरवर्षी नव्याने लिहायची.

टिचाओनाचं स्थळ मीच आणलं. बसगाड्या दुरुस्त करतो, तोही कामाच्याच व्हिसावर, आणि रुतेंडोच्या आधी एकच महिना आलेला. मला तर बाई तो देवाचाच इशारा वाटला. दोघांची पाच वर्षं एकदमच भरणार. देण्याघेण्याची बैठक माझ्या दिवाणखान्यात झाली, मुटारेतले वडीलधारे फोनवर. आमच्यात जावई सासरच्यांसमोर खुर्चीवर बसत नाही. टिचाओना गालिच्यावर गुडघे टेकून बसला, मान खाली, आणि हाताचे तळवे जुळवून हळूहळू टाळ्या वाजवत राहिला. विनंती करायची ती अशीच करायची. मी सोफ्यावर बसून त्याच्याकडे वरून बघत होते आणि खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटत होतं.

"पोरीसकट घेतोस ना?" मी विचारलं.

"घेतो, आत्या."

मी तीनदा विचारलं. तो तीनदा म्हणाला. पुढे दीड वर्ष तो माझ्याकडे आला की आधी गालिच्यावरच बसायचा. मी म्हणायचे, "अरे ऊठ, वर बस, हे काय मुटारे आहे का." मग तो वर बसायचा. मी म्हटल्याशिवाय नाही.

गेल्या मार्चमध्ये रुतेंडोच्या कंपनीचा परवाना गेला. कंपनी बंद म्हणजे हिचा व्हिसाही बंद. पत्र आलं की साठ दिवसांत दुसरी कंपनी शोधा नाहीतर देश सोडा. तिची इथे चार वर्षं भरून वर दुसरा महिना चालू होता. ती पत्र घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली तेव्हा मी साद्झा घोटत होते. मक्याच्या पिठाचा हा गोळा हात थांबला की खाली लागतो, म्हणून मी तिच्याकडे न बघताच बोलत होते.

"आत्या, एका ठिकाणी नोकरी मिळतेय," ती म्हणाली. "ते लोक माझा व्हिसा त्यांच्या नावावर घेतील. पण थर्सोला."

"हे कुठे आलं?"

"स्कॉटलंडच्या टोकाला. त्याच्या पुढे समुद्रच."

"आणि टिचाओना?"

"तो इथेच राहील. त्याची नोकरी इथे आहे. दहाच महिने, आत्या. दहा महिन्यांनी माझं कायमचं झालं की मी परत येईन."

मी गॅस बारीक केला. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, आणि ही समुद्राच्या टोकाला जाऊन राहणार, आणि हा इथे एकटा, शनिवारी मित्र घरी, बीयर, मटण, आणि कुणाकुणाच्या बहिणी. माझ्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं. चर्चमधल्या बायकांची तोंडंसुद्धा दिसली मला.

"थर्सोबिर्सो काही नाही," मी म्हटलं. "नवऱ्याचा व्हिसा आहे ना चालू? त्याची बायको म्हणून त्याच्या व्हिसावर ये. मग कुठेही काम कर, कुठल्या कंपनीच्या पाया पडायला नको. जानेवारीत त्याची पाच वर्षं भरली की दोघांचा अर्ज एकदम टाका. मी आणि तुझ्या आतोबाने, गॉडफ्रीने तसंच केलं. मी नर्स, तो माझ्या व्हिसावर, एकाच दिवशी एकाच पाकिटातून दोघांचं कायमचं आलं. बायकोचा कागद नवऱ्याच्या कागदाशेजारीच शोभतो."

"आत्या, एकदा वकिलाला विचारू का?"

"वकील काय तुझा मामा लागतो?" मी म्हणाले. "तुझ्या जन्मापासून मी कागद भरतेय. मला शिकवू नकोस."

चांगल्या घरातली पोर आहे, आत्याला उलटून बोलत नाही. थर्सोच्या वृद्धाश्रमाचं पत्र तिने टेबलावर ठेवलं होतं. ते मीच उचललं आणि टेबलक्लॉथच्या खणात टाकलं, म्हणजे परत परत काढून बघायला नको. मग आम्ही जेवलो. एप्रिलमध्ये ती नवऱ्याच्या व्हिसावर आली. टिचाओना त्या दिवशी माझ्यासाठी संत्र्याच्या सरबताची बाटली घेऊन आला, गालिच्यावर बसला, टाळ्या वाजवून म्हणाला, "आत्या, तुमच्यामुळे माझं घर शाबूत राहिलं." तेव्हा त्याने ते मनापासूनच म्हटलं असावं. माणूस वाईट नाही तो. निदान तेव्हा तरी नव्हता.

ऑगस्टमध्ये तो आला आणि सरळ सोफ्यावर बसला. मी बघितलं. गुडघा दुखत असेल म्हटलं.

मग थट्टा सुरू झाली. आमच्या मागच्या अंगणात मटण भाजत होतो, रुतेंडोने कशाला तरी विरोध केला, आणि हा सगळ्यांसमोर म्हणाला, "जपून हं, माझ्या कागदावर आहेस तू. फाडून टाकेन." सगळे हसले. मीसुद्धा हसले. ते आठवलं की मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं. रुतेंडो हसली नाही, ती कोळशावरचं मटण उलटत राहिली. नंतर ती थट्टा दर आठवड्याला व्हायला लागली. मीठ कमी पडलं तरी कागद, उशिरा आली तरी कागद. ती मला सांगायची आणि मी म्हणायचे, "जानेवारीपर्यंत कळ काढ. तुझं कायमचं झालं की बघू तो काय फाडतो."

जानेवारीत अर्ज भरायला बसलो तेव्हा संगणकावर एक प्रश्न आला, त्याचं उत्तर आम्हाला देता येईना. म्हणून शेवटी वकिलीणबाईंकडे गेलो, तिघंही. नायजेरियन बाई, श्रीमती ओयेलारान, चष्मा डोक्यावर. तिने रुतेंडोचे कागद दोन मिनिटं चाळले.

"यांचं नाही होणार," ती म्हणाली.

"का नाही होणार?" मी विचारलं. "पाच वर्षं भरताहेत फेब्रुवारीत."

"कामाच्या व्हिसावर चार वर्षं काढली. मग बायको म्हणून आल्या. बायकोची पाच वर्षं वेगळी मोजतात. ती एप्रिलपासून सुरू झाली. आधीची धरत नाहीत."

"म्हणजे ती चार वर्षं कुठे गेली?"

"गेली," ती म्हणाली. मग तिने रुतेंडोला विचारलं, "दुसरी कंपनी नव्हती का मिळत? कंपनी बदलली असती तर गाडी थांबली नसती. पुढच्या महिन्यात झालं असतं तुमचं. नवऱ्याच्या व्हिसावर यायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

रुतेंडो माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. तिने नाही बघितलं. तिने मांडीवरच्या पिशवीचा बंद सरळ केला आणि म्हणाली, "माझं मीच ठरवलं."

मी तिथे तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. नेहमी उघडं असतं, नेमकं त्या दिवशी मिटलं. गॉडफ्री आला तो पहिल्या दिवसापासून माझ्या व्हिसावरच आला होता, अधेमध्ये बदल नव्हता, म्हणून आमचं एकदम झालं. एवढी साधी गोष्ट. ती मला पंचवीस वर्षांत कधी कळली नव्हती, कारण मला सगळं कळतं असं मला वाटत होतं.

हिशोब मी बसमध्ये केला. एप्रिलपासून पाच वर्षं. अनेसू तेव्हा एकोणीस पार. रुतेंडोने खिडकीकडे तोंड करून रडून घेतलं, आणि टिचाओना पुढच्या सीटवर फोनवर फुटबॉल बघत होता.

त्याचं आठवड्याभरात कायमचं झालं. जास्तीचे पैसे भरले की लवकर निकाल देतात. रुतेंडोने त्याच्यासाठी कोंबडी केली. मी नाही गेले जेवायला.

वकिलीणबाईने एक वाट मात्र सांगितली होती. नवरा आता कायमचा झाला, तर त्याच्या नावावर अनेसूचा अर्ज करता येईल. सावत्र बाप म्हणून त्याने लिहून द्यायचं, की पोरगी माझ्या घरी राहील आणि तिची जबाबदारी माझी. त्याची सही लागेल. त्याच्या सहीशिवाय बाकी कशाचाच उपयोग नाही. फॉर्म आणला, रुतेंडोने सगळा भरला, सहीची जागा तेवढी मोकळी. तीन आठवडे तो फॉर्म त्यांच्या टीव्हीखाली पडून होता. आज बघतो, उद्या बघतो, आत्ता दमलोय, आत्ता मॅच आहे. शेवटी रुतेंडोचा फोन आला.

"आत्या, तुम्ही या. तुमचं ऐकेल तो. बाकी कुणाचं नाही ऐकणार."

"कधी येऊ?"

"बुधवारी दुपारी. त्याला सुट्टी आहे."

बुधवार म्हणजे अकरा फेब्रुवारी. तिने तारीख उच्चारली नाही, मीही नाही.

गेले तेव्हा टिचाओना सोफ्यावर आडवा होता. मला बघून उठून बसला, पण सोफ्यावरच. मी समोरच्या खुर्चीवर बसले. रुतेंडो चहा घेऊन आली आणि दाराशी उभी राहिली.

"टिचाओना," मी म्हटलं, "तो फॉर्म राहिलाय बघ."

"बघू ना, आत्या. पळून चाललाय का फॉर्म."

"तीन आठवडे झाले."

"मी नाही म्हटलंय का? माझं आत्ताच झालंय कायमचं. वर्षभराने मला इथल्या पासपोर्टसाठी अर्ज करायचाय. त्यात आता नवीन भानगड नको. उद्या पोरीने काही केलं, तर सही माझी."

"पंधरा वर्षांची पोर काय करणार आहे रे?"

"पंधरा वर्षांच्याच करतात," तो म्हणाला.

"तू माझ्या गालिच्यावर बसून तीनदा म्हणालास. पोरीसकट घेतो."

त्याने टीव्हीचा आवाज कमी केला. निदान तेवढं केलं. म्हणाला, "आत्या, तुम्ही मोठ्या आहात, मी उलटून बोलत नाही. पण तुम्हीच म्हणाला होता ना, बायकोचा कागद नवऱ्याच्या कागदाशेजारी शोभतो. आला की शेजारी. मी नको म्हटलं का? मग पोरीचा कागद तिच्या बापाच्या कागदाशेजारी शोभेल. बाप जिवंत आहे तिचा. त्याला शोधा."

माझंच वाक्य. रुतेंडोने त्याला सांगितलं असणार, कौतुकाने सांगितलं असणार, माझी आत्या असं म्हणते म्हणून. धमकी द्यावी, तर कशाची देणार? रुतेंडो त्याला सोडून गेली तर साठ दिवसांत देशाबाहेर. वडीलधाऱ्यांना फोन करून बैठक बसवावी, तर मुटारेतल्या म्हाताऱ्यांना इथे कोण विचारतं. पोलीस नाही, पाद्री नाही. सगळ्या दारांच्या किल्ल्या मी स्वतः गोळा करून या माणसाच्या हातात दिल्या होत्या.

मग मी खुर्चीतून उठले आणि खाली बसले. गालिच्यावर. त्रेसष्टाव्या वर्षी ते सोपं नाही, एक हात टेबलावर टेकावा लागला. गुडघे टेकले, मान खाली घातली, आणि आमच्या बायका वाजवतात तशी ओंजळ करून टाळ्या वाजवायला लागले. हळूहळू. आत्या जावयासमोर असं करत नाही. माझ्या आईने केलं नाही, आजीने केलं नाही, मी कुणी केलेलं ऐकलंसुद्धा नाही.

"आत्या, उठा," रुतेंडो दारातून म्हणाली.

मी उठले नाही. "जावईबापू," मी म्हटलं, "चूक माझी आहे. हिची नाही. हिला थर्सोला जायचं होतं, मी जाऊ दिलं नाही. आज तिची पाच वर्षं भरली असती. पोरीला शिक्षा करू नका. सही करा."

टीव्हीवर कुणीतरी गोल केला. मला टिचाओनाचे फक्त पाय दिसत होते, करड्या मोज्यांतले. ते थोडा वेळ हलले नाहीत. मला वाटलं, करतो आता. खरंच वाटलं मला.

"उठा आत्या, गुडघे धरतील," तो म्हणाला. आवाज वाईट नव्हता, हसतही नव्हता. अवघडला होता, एवढंच. "मला असं लाजवू नका. बायकोला मी हाकललंय का? ती राहू दे आरामात. पोरीचं मला झेपणार नाही. आता विषय बंद." मग तो उठला, माझ्या बाजूने वळसा घालून गेला, खुंटीवरचं जॅकेट काढलं आणि बाहेर पडला. दार त्याने हळू लावलं.

रुतेंडो येऊन माझ्या शेजारी खाली बसली. मी म्हटलं, "शिव्या दे मला. थोबाडीत मार." ती म्हणाली, "चार वर्षं दोन महिने झाले होते, आत्या. आता पुन्हा चार वर्षं दोन महिनेच राहिलेत. तेवढेच." एवढंच बोलली. माझ्या गुडघ्यांवर हात ठेवून ती बसून राहिली, चहावर साय धरली.

पाच वाजता तिचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. मुटारेत तेव्हा सात वाजले असतील. रुतेंडोने नाव बघितलं आणि फोन उलटा ठेवला. तो वाजतच राहिला, थांबला, परत वाजला.

"तिला सांगितलं नाहीस अजून?" मी विचारलं.

"काय सांगू? भिंतीवर तारीख आहे." आणि मग तिने फोन माझ्या हातात ठेवला. "तुम्ही सांगा. तुमचा शब्द ऐकतील सगळे."

मी बटण दाबलं. अनेसू स्क्रीनवर आली, आणि मला आधी ओळखूच येईना, एवढी मोठी झाली होती. तिने कोट घातला होता. जाड, तपकिरी, गळ्याशी लोकर, जुन्या कपड्यांच्या बाजारातून आणलेला असणार, आणि बटणं पार वरपर्यंत लावलेली. फेब्रुवारीत मुटारेला घामाच्या धारा लागतात. तिचं कपाळ चमकत होतं. मागे भिंतीवर खडूने लिहिलेली तारीख दिसत होती, त्याभोवती नवा गोल.

"आजी, तुम्ही पण तिथेच?" ती म्हणाली. "बरं झालं. आई कुठेय? आज झालं ना कायमचं? हा कोट बघा, आतून पण लोकर आहे. एवढ्या थंडीला पुरेल ना? आणि मी कधी येऊ? शाळेत सांगावं लागेल मला."

आयुष्यभर मी न विचारता सांगत आले. रुतेंडोने तोंड माझ्या खांद्यात लपवलं होतं, तिचा श्वास मला लागत होता.

"आधी तो कोट काढ, पोरी," मी म्हटलं. "उकडत असेल तुला."